ऐंशीपर्यंत पुरेल एवढी तंबाखू

लोक सोनं साठवतात, जमिनी साठवतात, काही जण तर प्लास्टिकच्या पिशव्या साठवतात आणि त्या ठेवायला आणखी एक मोठी पिशवी साठवतात. माझ्या बायकोने स्टीलचे डबे साठवलेत. घरातलं जुनं कापड दिसलं की ती बोहारणीला हाक मारते आणि डबा घेऊन मोकळी होते. माझे दोन चांगले लेंगे असेच गेले. मग मी पाइपची तंबाखू साठवली तर एवढा गहजब कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात आमचा फ्लॅट आहे. देवघर ज्या भिंतीला आहे तिच्या मागच्या बाजूला, आतल्या खोलीत, भिंतीतलंच एक कपाट आहे. तिथे ऊन पोचत नाही, ओल येत नाही, आणि मे महिन्यात सगळं बदलापूर भाजून निघालं तरी तेवढी जागा त्यातल्या त्यात थंड राहते. घर घेताना लोक हॉल बघतात, बाल्कनी बघतात, दिशा बघतात. मी ते कपाट बघितलं आणि बिल्डरला हो म्हणून टाकलं. बायकोला हे फार उशिरा कळलं. "देवाच्या पाठीला तंबाखू!" ती म्हणाली. मी म्हटलं, देवाची हरकत असेल तर तो सांगेल, तू कशाला त्याची वकिली करतेस?

पाइपचं खूळ मला अंबरनाथला लागलं. मी तिथे रंगांच्या कारखान्यात, लॅबमध्ये होतो. माझं डोकं म्हणजे तापट. सॅम्पल चुकलं की मी चुकणाऱ्याचा बाप, आजा सगळे काढायचो. आमचे मोठे साहेब मात्र कधी आवाज चढवायचे नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? ते म्हणाले, येतो ना, पण मी आधी पाइप भरतो. आणि खरंच, पाइप भरायचा, दाबायचा, पेटवायचा, तो विझायचा, परत पेटवायचा, एवढं होईपर्यंत माणूस काय बोलणार होता तेच विसरतो. रिटायर होऊन जाताना त्यांनी आपला एक जुना पाइप माझ्या हातात ठेवला. "तुला याची जास्त गरज आहे," म्हणाले.

तेव्हा आम्ही बुवापाड्याच्या चाळीत राहायचो. पहिल्या संध्याकाळी मी पाइप तोंडात धरून मोठ्या रुबाबात गॅलरीत उभा राहिलो. शेजारच्या काकूंनी बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का रे?" झाला रुबाब. पण पाइप सुटला नाही. भांडणं मात्र कमी झाली, हे बायकोही कबूल करते, फक्त माझ्यासमोर करत नाही.

साठ्याला कारण झाला उल्हासनगरचा एक सिंधी शेठ. अत्तरं, लायटर, बाहेरची चॉकलेटं, असलं काहीबाही विकणारं त्याचं दुकान. कुणी परदेशातून आला की त्याच्या बॅगेतून दोन-चार डबे तंबाखू या शेठकडे यायची. मी गेलो की तो इकडेतिकडे बघायचा, काउंटरखाली हात घालायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "साईं, ये लास्ट है. आगे का भरोसा नहीं." झालं! मी असेल नसेल तेवढं उचलायचो. पुढच्या खेपेला परत तेच, "साईं, ये लास्ट है." त्याचं लास्ट कधीच संपलं नाही, पण माझं कपाट त्या एका शब्दावर भरत गेलं. माणूस मरणाच्या भीतीने जेवढं करत नाही तेवढं "संपणार" म्हटल्यावर करतो.

आणि नुसतं आणून टाकायचं नसतं. काचेच्या बरण्या, रबराची चकती आणि वरून कडीचं झाकण असलेल्या. त्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, कोरड्याठाक करायच्या. तंबाखू असते दमट, हाताला मऊ लागली पाहिजे. ती दाबून भरायची, झाकण लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची आणि विसरून जायचं. आतल्या आत ती मुरते. पहिल्या वर्षी जिभेला चावणारी पानं पुढे मऊ होतात, गोड होतात. चांगली मुरली की पानांवर साखरेच्या कणांसारखी बारीक पांढरी खर धरते. ती खर बघून माझ्यासारख्या माणसाचे डोळे पाणावतात.

"म्हणजे लोणचं मुरतं तसं?" बायकोने विचारलं.

"तस्संच."

"फरक एवढाच की लोणचं खाऊन माणूस खोकत नाही."

मी तिला समजावून सांगितलं की एवढा साठा मी ऐंशीचा होईपर्यंत पुरेल. ती म्हणाली, "आधी ऐंशीचे व्हा." डॉक्टर म्हणाले, सोडा आता. मी म्हटलं, संपली की सोडतो. डॉक्टरांना वाटलं मी शब्द दिला.

या सगळ्यात एक बरणी खास होती. आमची मुलगी दहावीला होती तेव्हा भरलेली. सगळ्यात जुनी, सगळ्यात काळीभोर, वर खरीचा थर. रिटायर होईन तेव्हा उघडायची ठरवली होती. झालो, पण म्हटलं अजून मुरू दे. मुलगी बंगलोरला नोकरीला लागली, तेव्हा हात लावला आणि काढून घेतला. शुभ दिवस तर बरेच आले, पण त्या बरणीच्या तोडीचा एकही वाटला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मी आक्काला घेऊन आलो.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं हिने. शाळेत पाठवलं, मारलं, जेवू घातलं, परत मारलं. मग ती लग्न होऊन निपाणीकडे गेली. सासरी तंबाखूचंच पीक. जन्मभर तिने तंबाखू खुडली, वाळवली, निवडली. दाजी गेले. मुलांनी स्लॅबचं घर बांधलं. सुना वाईट नाहीत, उलट फार चांगल्या. सकाळी उठल्यापासून सासूला एकच सांगायच्या, "तुम्ही बसा." आणि आक्काला मागच्या खोलीत, वैरणीच्या शेजारी बसवून ठेवायच्या. मी भेटायला गेलो तर ती त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला बघून म्हणाली, "बसून बसून मानूस मरतंय रं." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं, हिला न्यायची, आणि कायमची न्यायची.

ती आली, पण "चार दिसासाठनं" आली. तिच्या कपड्यांचं बोचकं होतं, तिच्याच जुन्या हिरव्या सुती लुगड्यात बांधलेलं. बायकोने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. आक्काने तो बघितला, "ऱ्हाऊ दे" म्हणाली आणि बोचकं दारापाशी, चपलांच्या स्टँडशेजारी ठेवलं. रोज सकाळी गाठ सोडायची, एक लुगडं काढायचं, परत गाठ मारायची. भावाच्या दारात बहिणीने किती दिवस बसून खायचं, हे तिचं म्हणणं. रोज जेवण झालं की विचारायची, "निपानीची यष्टी कवा हाय रं?"

मी बायकोला बाजूला घेऊन म्हटलं, हिला काहीतरी काम काढ, नाहीतर ही जाईल. बायको म्हणाली, "काम कुठून काढू? धुणं मशीन धुतं, वाटण मिक्सर वाटतो, भांडी बाई घासते. बसून राहायचं एकच काम होतं, ते तुम्ही धरून बसलायत." खरं म्हणजे ती पण हैराण झाली होती. पापड, मसाला, सगळं आम्ही इथल्याच एका महिला गटाकडून घेतो. तिने मुद्दाम दोन जुड्या मेथी आणून आक्कापुढे ठेवली. आक्काने ती बघता बघता निवडून टाकली आणि परत दाराकडे बघत बसली. मला भयंकर राग येत होता आणि कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून मी नुसता पाइप ओढत होतो. आक्का त्या धुराकडे नाक मुरडून बघायची. "वल्ली तंबाखू वडतोस व्हय रं?" एकदा म्हणालीसुद्धा. माझं लक्ष नव्हतं. तेव्हा लक्ष दिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

मे महिन्याचा दिवस. बायकोच्या मावसभावाने पालेगावला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं, त्याची वास्तुशांत होती. आक्का म्हणाली, तुम्ही जा, मला नगं ती गर्दी. आम्ही सकाळी गेलो. यजमानांनी आम्हाला मॉड्युलर किचन दाखवलं, जिम दाखवलं, अजून न बांधलेला स्विमिंग पूलसुद्धा दाखवला. जेवून परतलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बिल्डिंगच्या जिन्यातच वास आला. जळका, उग्र, पण मागून थोडा गोड. पहिल्या मजल्यावर बायको म्हणाली, "कुणाचं तरी काहीतरी करपलंय." दुसऱ्या मजल्यावर मला तो वास ओळखीचा वाटायला लागला. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं आणि आतल्या कपाटाची दारं पण उघडी. आत एकही बरणी नाही. मी टेरेसवर धावलो.

टेरेसवर आमच्या दोन चादरी अंथरलेल्या. त्यांवर माझी सगळी तंबाखू. सगळी. वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या पानांची, एकात एक कालवून, हाताने विस्कटून, कुरडयांसारखी पसरलेली. अख्खा दिवस मे महिन्याच्या उन्हात. बाजूला धुतलेल्या बरण्या उपड्या घातलेल्या. आणि मध्ये, उघडलेली छत्री खांद्यावर टेकवून, हातात काठी घेऊन, आक्का बसलेली. वाळवणाची राखण करत. त्या तंबाखूला कावळा तर काय, कावळ्याचं भूतही शिवलं नसतं.

"आलास?" ती म्हणाली. "आरं, बुरा आलता सगळ्याला! पांढराफेक बुरा! एवढ्या बरण्या भरून ठिवल्यास आनि कदी ऊन दावलं न्हाईस? वल्ली तंबाखू कोन ठिवतंय रं बरणीत? मी म्हून बघितलं, न्हाईतर सगळी कुजून गेली असती."

बुरा! ज्या खरीसाठी मी वर्षानुवर्षं वाट बघितली तो बुरा! मी खाली वाकून चिमूटभर उचलली. बोटांत तिचा भुगा झाला.

"आनि त्यात कडुलिंबाचा पाला घातलाय, हिंगाचं खडं टाकलेत. किडा लागायचा न्हाई आता," आक्का म्हणाली.

मी विचारलं, "आक्का, सगळ्यात काळी होती ती बरणी? चिठ्ठी जुनी झालेली?"

"ती व्हय? ती लईच बिगाडली होती. ती भाजली म्या तव्यावर. मिशरी क्येली."

तो जिन्यातला वास. मुलगी दहावीला होती तेव्हापासून मुरवलेली पानं तव्यावर काळीठिक्कर भाजून, कुटून, दात घासायची मिशरी! माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडलं. जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. आणि तेवढ्यात मी तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावरून घाम गळत होता, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत तंबाखूने माखलेले. डोळे लख्ख. आल्यापासून पहिल्यांदाच ती दाराकडे बघत नव्हती. यष्टीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी खिशातून पाइप काढला आणि तोंडात कोंबला. रिकामाच. भरणार कशाने?

मागून बायको आली. तिने चादरींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. "वन्सं," ती म्हणाली, "बरं झालं बाई तुम्ही होतात. यांना कशातलं काही कळत नाही."

"शिकल्याली मानसं," आक्का म्हणाली.

मी खाली आलो, पंपाच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि मोटर चालू असताना घसा फाटेस्तोवर शिव्या घातल्या. शेठला घातल्या, बिल्डरला घातल्या, वास्तुशांत करणाऱ्या मावसभावाला तर सगळ्यात जास्त घातल्या. मोटर बंद झाली तेव्हा मी पण बंद झालो. डोकं जरा थंड झाल्यावर लॅबमधला माणूस जागा झाला. वाळली आहे ना, जळाली तर नाही? पाला आणि हिंग निवडून काढता येईल. ओल्या फडक्याची वाफ द्यायची, हळूहळू दमट करायची, झाकणं घट्ट लावायची. पहिल्यासारखी नाही, पण निम्मी अब्रू वाचेल. एवढ्या आशेवर मी वर गेलो.

दिवेलागणीला सगळं घरात आलं होतं. हॉलमध्ये जमिनीवर बरण्यांची रांग, भरलेल्या. आक्का मला म्हणाली, "वडून बघ की." ती समोरच मांडी घालून बसली. आता काय करता? मी पाइप भरला. वाळलेला भुगा काडी लावताच भसकन पेटला, धूर सरळ घशात, जीभ पोळली, आणि मागोमाग हिंग. फोडणीचं वरण चिलमीत भरून ओढावं तसं. डोळ्यांतून पाणी आलं.

"कसं हाय?"

"कडक," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग तिने बोटावर आपली मिशरी घेतली, हिरडीला लावली, डोळे मिटून जरा वेळ घोळवली. माझी सगळ्यात जुनी, काळीभोर, जपलेली बरणी.

"जरा ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर चालंल. पुढच्या उन्हाळ्यापातूर पुरंल मला."

मी बायकोकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं.

मी पुढे होऊन एका बरणीचं झाकण लावायला घेतलं, तर आक्काने हातावर चापट मारली. "ती रबराची झाकनं नगंत. त्येंनीच कोंदलंय सगळं. तोंडाला फडकं बांदायचं, मंजे वारं खेळतंय." गेली माझी वाफ, गेली निम्मी अब्रू. फडक्यातून वारं खेळलं की महिन्याभरात त्या तंबाखूची राख होणार होती, न पेटवता. मी बायकोकडे आशेने बघितलं. ती आत जाऊन फडकी शोधायला लागली. उशीची खोळ आणली, आक्काने चुरगाळून बघितली आणि फेकली. "नायलान हाय. सुती पायजे." ओढणी आणली, तीही नको. घरात जुनं सुती कापड असणार कुठून? सगळं बोहारणीकडे जाऊन त्याचे डबे झालेले. जन्मात पहिल्यांदा मला त्या डब्यांबद्दल प्रेम वाटलं. फडकं नाही म्हणजे झाकणं लावावीच लागणार.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापाशी गेली. बोचक्याची गाठ सोडली, आतली लुगडी काढून खुर्चीवर ठेवली, आणि ते हिरवं लुगडं घेऊन आली. दातांनी काठाला कात्रा दिला आणि टर्रकन फाडलं. एक तुकडा, दुसरा तुकडा, तिसरा. आम्ही दोघं नुसते बघत होतो. आता कपडे कशात बांधून नेणार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाइप दातात घट्ट धरला. बायको उठली, खुर्चीवरची लुगडी उचलली आणि आत नेऊन कप्प्यात ठेवली. कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

आक्काने पहिल्या बरणीच्या तोंडावर हिरवं फडकं ताणून बसवलं, भोवती सुतळी फिरवली आणि गाठीचा पहिला वेढा घातला.

"बगत काय ऱ्हायलास?" ती म्हणाली. "बोट धर हितं, सुटंल न्हाईतर."

मी गाठीवर बोट धरलं.